यादीवर लागलेलं लग्न

माझ्या मुलीला आणि जावयाला व्हिसाच्या एजंटाने फसवलं. त्यांचं खरं लग्न त्याने कागदावर खोटं करून टाकलं आणि त्यापायी दोघं आठ महिने जास्त एकमेकांपासून लांब राहिली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लिहिताना मी मऊ पडेन, आणि वाचणाऱ्याला वाटेल की झालं गेलं विसरले. विसरलेले नाही.

मी फुलं विकते. नवरा गेला तेव्हा मुलगी पाचवीत होती. तेव्हा टोपली घेऊन गोदेकाठी बसायचे. मग बाजारात पथारी मिळाली, पथारीवरून गाळा झाला, आता लग्नाचे हार आणि मंडपाची फुलं आमच्याकडून जातात. हे कोणी हातात आणून दिलेलं नाही. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही आणि मला राग लवकर येतो, या दोन्ही गोष्टी बाजारात सगळ्यांना माहीत आहेत.

जावई विंचूरकडचा. आधी सातपूरला एका कारखान्यात मशीनवर होता, मग कॅनडाला गेला. तिथेही मशीनवरच आहे, पण तिथे कायमचं राहण्याची परवानगी मिळाली. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला होता तेव्हा रविवारी ते लोक मुलगी पाहून गेले. सोमवारी दोन्हीकडून होकार झाला आणि गुरुवारी आमच्या घरी यादी करायला बसलो.

यादी म्हणजे दोन्हीकडची चार मोठी माणसं बसून लग्नात कोणी काय करायचं ते कागदावर लिहून काढतात. जेवण कोणाकडे, कपडे कोणाचे, मानपान कोणाकोणाला. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. आमच्या भागात कधी कधी यादी करता करता मनं जुळतात, आणि कोणीतरी म्हणतं की माणसं जमलीच आहेत, तर लग्नही आजच लावून टाकू. मग त्याच दिवशी, आहे त्या माणसांत लग्न लागतं. पत्रिका नाही, हॉल नाही, बँड नाही. असं लग्न केलं की लोक दोन्ही घरांना चांगलं म्हणतात.

त्या दिवशी ते बोलणारी मीच होते.

माझ्या व्याह्यांचा बेत वेगळा होता. आता साखरपुडा करायचा आणि पुढच्या वर्षी मुलगा सुट्टीवर आला की मोठं लग्न. ते म्हणाले, "एकुलता एक हाय आमचा. गाव जेवू घालायचंय."

"गाव काही वर्षभर उपाशी राहत नाही," मी म्हणाले. "माझी मुलगी मात्र वर्षभर ना इकडची ना तिकडची राहील."

"ताई, लय घाई करता तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या.

"मी फुलं विकते. संध्याकाळपर्यंत थांबलं की मालाचं काय होतं ते मला माहीत आहे."

विहीणबाई हसल्या, आणि तिथे मला कळलं की हे लोक हलतील. मी दोन तास सोडलं नाही. एका वर्षाचे सहा महिने झाले, सहा महिन्यांचं 'या सुट्टीच्या शेवटी' झालं आणि शेवटी व्याही थकून म्हणाले, "मग आजच लावा की. तुमच्या मनात तेच हाय." मी आत गेले. मुलगी पलंगावर बसली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. मी विचारलं, "तुझं काय?" ती म्हणाली, "साडी कुठली नेसू?"

गाळ्यावरून शेवंती आणि गुलाब मागवले, दोन्ही हार मी स्वतः ओवले. दुपारी साडेचारला चाळीसेक माणसांत लग्न लागलं. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला तासभर मोकळा होता, त्याला बोलावलं. त्याने फोटो काढले ते सगळे टोपी-टॉवेलचे. ह्या काकांना टोपी, त्या मामांना टॉवेल. नवरा-नवरी दिसतात तिथे समोर बघत ताठ उभी आहेत, पासपोर्टच्या फोटोला उभी असावीत तशी, आणि दोघांच्या मध्ये व्याह्यांची बहीण. ती जेवणाचं काय झालं ते विचारायला आली होती आणि तिथेच उभी राहिली.

मला त्या दिवशी आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं.

दहा-अकरा दिवस मुलगी सासरी राहिली. जावई परत गेला, ती माझ्याकडे आली आणि आम्ही व्हिसाच्या एजंटाकडे गेलो. काचेचं ऑफिस, गार हवा, बसायला मऊ खुर्च्या. त्याने विचारायला सुरुवात केली.

"लग्नाची पत्रिका?"

"नाही."

"हॉलची पावती? मेंदीचे फोटो? लग्नाआधीचं फोटोशूट?"

"नाही."

"मुलामुलीची ओळख किती दिवसांची?"

"चार दिवसांची."

त्याने पेन खाली ठेवलं. "काकू, असं लग्न तिकडे कोणी खरं मानत नाही."

"न मानायला काय झालं? लागलंय ते."

"तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी बसवतो सगळं."

काय बसवणार, ते मी विचारलं नाही. मी विचारलं, किती दिवसांत. त्याने सांगितलेली मुदत मी दीड महिन्याने खाली आणली आणि खूश झाले. त्याने मुलीसमोर एक कागद ठेवला. वर कोरा, खाली सहीची जागा. म्हणाला, मजकूर आम्ही टाइप करून घेऊ, तुम्हाला पुन्हा हेलपाटा नको. जावयाचीही तशीच सही मागवली. गुलाबाची पेटी खालचा थर उलटून बघितल्याशिवाय मी आजवर घेतलेली नाही. त्या दिवशी माझी शिकलेली मुलगी कोऱ्या कागदावर सही करत होती आणि मी शेजारी बसून ऑफिसच्या गार हवेचं कौतुक करत होते.

मग वाट बघणं सुरू झालं. सकाळी सहाला आम्ही गाळा उघडायचो, तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची आणि जावई कामावरून येऊन स्वयंपाकाला लागलेला असायचा. मुलगी फोन वजनकाट्याला टेकवून ठेवायची आणि हार ओवायची. फोनमध्ये जावई कांदा चिरायचा. अर्धा-अर्धा तास कोणी काही बोलायचं नाही.

एकदा मी चिडून म्हणाले, "बोलायचं नसेल तर बंद करा ना तो फोन."

"बोलतोय की."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तुला ऐकू येईल असं नाही बोलत."

माझ्यासमोर ती त्याला 'अहो' म्हणायची. गिऱ्हाइकांच्या गडबडीत माझं लक्ष नाही असं वाटलं की 'ए' म्हणायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. तिचे वडील आणि मी, आमचं चार माणसांत एकमेकांशी बोलणंच होत नसे. त्यामुळे ती 'ए' म्हणाली की मला उगाच बरं वाटायचं.

आठ महिने झाल्यावर मुलाखत ठरली. फोनवरच होती. मुलगी आतल्या खोलीत दार लावून बसली, मी बाहेर. अर्ध्या तासाने ती बाहेर आली.

"त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कुठे भेटलात. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या पत्रात तर वेगळं लिहिलंय."

"कुठलं पत्र?"

"तेच मी त्यांना विचारलं. त्यांनी काही सांगितलं नाही. पुढचा प्रश्न विचारला."

महिन्याभरात नकार आला. हे लग्न खरं असल्याची खात्री पटत नाही, असं लिहिलं होतं. अर्जातली हकिगत आणि मुलाखतीतली उत्तरं जुळत नाहीत. लग्न संशय यावा इतक्या घाईने झालं. फोटोत पती-पत्नी एकमेकांसोबत सहज वाटत नाहीत.

जावयाने खटपट करून फाईलची प्रत मिळवली. ते पत्र मुलीने मला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. दोघांची दोन वर्षांची ओळख, मैत्रिणीच्या लग्नात पहिली भेट, मग प्रेम. द्राक्षाच्या मळ्यात त्याने गुडघ्यावर बसून अंगठी दिली. माझ्या जावयाचा उजवा गुडघा मोटरसायकलवरून पडून अधू झालेला आहे. तो यादीच्या दिवशीसुद्धा खुर्चीवर बसून जेवला होता. खाली दोघांच्या सह्या होत्या, खऱ्या.

मी तशीच एजंटाकडे गेले.

"काकू, सगळ्यांचं आम्ही असंच लिहितो," तो म्हणाला.

"सगळ्यांची लग्नं एकसारखी लागतात?"

"तिकडच्या लोकांना तेच समजतं. यादीबिदी त्यांना काय कळणार?"

"तू सांगून बघितलंस का?"

तो म्हणाला, "खरं सांगू का, मुलीने थोडं सांभाळून उत्तर दिलं असतं तर काम झालं असतं."

मग मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. काचेमागची सगळी माणसं उभी राहून बघत होती. आमची फाईल उचलली आणि निघाले. पुलापर्यंत चालत आले, मग आठवलं की रिक्षा करायची होती.

घरी मुलगी भाकरी करत होती. मी अजून बोलतच होते. तो कसा चोर आहे, त्याला मी कशी बघून घेते. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि शांतपणे विचारलं, "आई, तू त्या दिवशी एवढी घाई केली नसतीस तर?"

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हात धुतले आणि ताटावर बसले.

त्याच दिवसांत जावयाचा डावा हात मशीनमध्ये सापडला. बोटं वाचली, पण तीन बोटांना पट्टी. दोन दिवस त्याने आम्हाला कळू दिलं नाही. फोन असा धरायचा की फक्त तोंड दिसावं. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "कढई दाखव." तो म्हणाला, आज ब्रेड खाल्ला. ती म्हणाली, "काल पण ब्रेडच होता. हात दाखव." त्याने हात वर केला.  तिने हातातला हार नीट खाली ठेवला, शेजारच्या हॉटेलातून परात आणि पीठ मागून आणलं आणि एका हाताने कणीक कशी मळायची ते त्याला दाखवायला बसली. स्वतःचा डावा हात पाठीमागे धरला, परातीखाली ओलं फडकं घातलं, म्हणजे परात सरकत नाही. तो तिकडे तिचं बघून करत होता. कणीक सगळी बोटांना चिकटली तेव्हा दोघं हसली. फोन बंद झाल्यावर ती फुलांच्या पोत्यांमागे गेली आणि बराच वेळ आली नाही. मी गिऱ्हाइकं बघत राहिले. कोणाला किती तोललं ते त्या दिवशी मला ठाऊक नाही.

दुसरा अर्ज करायचा होता. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत देवळाली कॅम्पातले एक निवृत्त हेडक्लार्क आहेत. फौजी कुटुंबांचे कागद करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. देवाला फुलं न्यायला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जसं झालं तसंच लिहा. समजणार नाही असं वाटेल तिथे समजावून लिहा. पहिलं पत्र कोणी लिहिलं तेही लिहा." मग जाता जाता म्हणाले, "यादीचा कागद कुठे आहे हो?"

मला हसू आलं नाही, पण यायला हवं होतं. हार, फोटो, सगळं मी शोधत बसले होते आणि यादी माझ्या डोक्यातच आली नव्हती. ती मुलाकडच्यांकडे असते. विंचूरला फोन केला, तर व्याही दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने स्वतः घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर रुमाल गुंडाळलेला.

"वाचा," ते म्हणाले. "तुमचं सगळं भांडण लिहिलेलं हाय ह्याच्यावर."

खरंच होतं. वर लिहिलेलं 'लग्न पुढील वर्षी', त्यावर काट. 'सहा महिन्यांनी', त्यावर काट. 'सुट्टी संपण्याआधी', काट. आणि खाली वेगळ्या पेनाने, 'लग्न आजच लावण्याचे उभयपक्षी ठरले'. खाली सह्या. त्यात माझी सही सगळ्यात मोठी. कोणाला लग्न खोटं करायचं असतं तर त्याने असा घाणेरडा कागद केला नसता, असं हेडक्लार्क म्हणाले. इंग्रजी भाषांतर करताना प्रत्येक काटसुद्धा लिहायला लावली.

मीही माझं निवेदन लिहिलं. घाई कोणी केली, का केली. घाई मुलीची नव्हती, मुलाची नव्हती, माझी होती, असं स्पष्ट लिहिलं आणि सही करण्याआधी दोनदा वाचून घेतलं.

दोघांच्या मेसेजचे कागद जोडायचे होते. मुलीने निवडले, पण मला वाचू देईना. पानांवर नंबर घालायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा तिने सगळे कागद पालथे करून दिले. मी पाठीवर नंबर घालत गेले. एक पान वाऱ्याने उलटलं. त्यावर तिने त्याला लिहिलं होतं, 'आईचा आवाज मोठा आहे म्हणून घाबरू नकोस. ती माझ्यासाठी भांडते, माझ्याशी कधीच नाही.' मी ते पान परत पालथं केलं आणि नंबर घातला. 

शेवटी मुलीचं स्वतःचं निवेदन. ते तिने मला वाचून दाखवलं, कारण हेडक्लार्क म्हणाले होते की घरातल्या सगळ्यांची हकिगत एक हवी. त्यात लिहिलं होतं की तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते रविवारी नाही. आदल्या शनिवारी, गाळ्यावर.

"गाळ्यावर कधी?"

"शेवंती घ्यायला आला होता. तू त्याच्याशी भाव करत होतीस."

मला अंधुक आठवलं. एक मुलगा म्हणाला होता, मावशी, जरा कमी करा. मी म्हणाले होते, आईला पाठव, तिला फुलांतलं कळत असेल. रविवारच्या आधी त्याने मुलगी बघून घ्यावी म्हणून त्याला विहीणबाईंनीच पाठवलेलं. मुलीने त्याला दोन किलो तोलून दिली. तो पैसे देताना म्हणाला, दोन किलो शेवंतीचं काय करतात? ती म्हणाली, मला काय माहीत, तुम्ही घेतलीत. एवढंच बोलणं. मुलाखतीत तिने हेच सांगितलं होतं. एका परक्या अधिकाऱ्याला सांगितलं, मला सांगितलं नव्हतं.

"माझ्यापासून का लपवलंस?"

ती कागद एकसारखे करत होती. म्हणाली, "लपवलं नाही गं. बाकीचं सगळं तू ठरवलंस. दिवस, हार, वेळ. तेवढं एक तुझ्या हातातून गेलेलं होतं. ते आमच्याकडे राहू दिलं."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. किती वर्षांनी, आठवत नाही. माझ्या हाताला झेंडूचा वास असतो, तो तिला आवडत नाही. तिने डोकं बाजूला घेतलं नाही.

दुसऱ्या खेपेला कोणी मुलाखत घेतली नाही. नकारानंतर आठ महिन्यांनी व्हिसा आला. विमानतळावर विहीणबाई रडल्या, व्याही रडले. मी सामान ढकलणाऱ्या माणसाशी भांडत होते, त्याने बॅग आपटली म्हणून. मुलगी आत जाताना वळली आणि नुसती मान हलवली, भांडू नकोस अशी. जावयाने दोन दिवसांनी फोटो पाठवला. दोघं थंडीच्या जाड कोटात, बसस्टॉपवर. सहज वाटतात की नाही ते आता कोणी विचारत नाही. मला वाटतात.

आणि गेल्या आठवड्यात त्या एजंटाचा मेसेज आला. कुठून तरी कळलं असावं. 'काकू, अभिनंदन. शेवटी काम झालं. आमच्या पेजवर चांगले दोन शब्द लिहा.'

दोन शब्दांत मावत नव्हतं, म्हणून तुमच्या पेजवर हे एवढं लिहिलं. माझी चूक मी सरकारी कागदावर लिहून दिली आहे, खाली सही करून. घाई माझी होती. कोऱ्या कागदावर सही होत असताना मी गप्प बसले, तेही माझं. आता तुमची पाळी. माझ्या मुलीने त्या अधिकाऱ्याला एक शब्द खोटा सांगितला नाही, आणि तुम्ही मला म्हणालात की तिने सांभाळून बोलायला हवं होतं. माझ्या जावयाचा हात पट्टीत होता तेव्हा ती इथे गाळ्यावर होती, तुमच्या पत्रापायी. आमच्यासारखी माणसं जशी आहेत तशी कोणाला खरी वाटणारच नाहीत, हे तुम्ही एक प्रश्नही न विचारता कसं ठरवलंत? फोनवर नको, मेसेजवर नको. समोर या, आणि याचं उत्तर द्या.